कॅम्पिंगसाठी मोठा चाकू घ्यायचाय? ‘रॅम्बो’ची लिंक बंद करा, आधी हे वाचा

पाऊस ओसरला की इन्स्टाग्रामवर एक ठरावीक रील फिरायला लागते. गडाच्या पायथ्याला तंबू, तीन दगडांच्या चुलीवर चहाचं पातेलं, आणि मग स्लो मोशनमध्ये कमरेच्या म्यानातून बाहेर येणारा काळाकुट्ट, फूटभर लांबीचा चाकू. एका घावात फांदीचे दोन तुकडे. खाली कमेंट ठरलेली, ‘भावा, लिंक दे ना.’

लिंक मिळते. हजार-बाराशेचा चाकू घरी येतो. दिसायला भारी असतो, हातात घेतला की वजनदारही वाटतो. पण पहिल्याच कॅम्पला वाळक्या लाकडावर पाच-सहा घाव बसले की मूठ खुळखुळायला लागते, नाहीतर धार मुडपते. कधीकधी याहून वाईट होतं. पातं मुठीतून सुटतं आणि शेकोटीभोवती बसलेल्यांच्या दिशेने जातं. दवाखान्यापासून तीन-चार तासांच्या पायपिटीवर असताना ही गोष्ट गमतीची राहत नाही.

त्यामुळे असा मोठा चाकू खरंच लागतो का, लागत असेल तर कमी पैशात कसा निवडायचा आणि तो घेऊन कुठे जाता येतं, हे पैसे भरायच्या आधी माहीत असलेलं बरं.

खूळ आलं कुठून?

१९८२ साली सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा ‘फर्स्ट ब्लड’ आला. त्यातल्या जॉन रॅम्बोकडे एक अवाढव्य चाकू होता. पाठीवर करवतीसारखे दात, मूठ आतून पोकळ, तिच्या टोपणात होकायंत्र आणि आत काड्या, सुई-दोरा असला ऐवज. तो चाकू अमेरिकेतल्या अर्कान्सासच्या जिमी लाइल या नावाजलेल्या कारागिराने घडवला होता आणि पक्का घडवला होता. पिक्चर चालला, चाकू त्याहून जास्त चालला. नंतर जगभरात त्याच्या स्वस्त नकला निघाल्या. आज ऑनलाइन ‘सर्व्हायव्हल नाइफ’ म्हणून जे काही खपतं, त्यातला मोठा भाग याच खानदानातला आहे.

गोची कुठे आहे? मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या तोंडाशीच संपवावं लागतं. तिथे ते एखाद्या नटावर, पिनेवर किंवा डाखावर धरून ठेवलेलं असतं. लाकडावर घाव घातला की सगळा दणका नेमका त्याच जोडावर बसतो. लाइलसारखा कारागीर तो जोड सांभाळतो, हजार रुपयांच्या नकलेत तेवढी मेहनत कोणी घेत नाही.

पाठीवरच्या दातांचंही तसंच. ही कल्पना वैमानिकांच्या चाकूंवरून आलेली. अपघात झाला तर विमानाचा पातळ पत्रा फाडून बाहेर पडता यावं यासाठी ते दात होते. लाकडात ते रुततात आणि अडकतात. वर चाकूच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायचं म्हटलं तर हेच दात दांडकं कुरतडून टाकतात. म्हणजे खरेदी करताना पहिला नियम सोपा आहे. मूठ पोकळ असेल किंवा पाठीवर दात असतील, तर पुढचं पान उघडा.

मोठा चाकू नेमकं काय करतो?

बुशक्राफ्ट म्हणजे जंगलात कमीत कमी सामानात राहण्याचं कसब. निवारा, विस्तव, पाणी, लाकूडकाम. हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात कॅनडाचे मॉर्स कोहान्स्की आणि बीबीसीवरच्या मालिकांमुळे घराघरांत पोचलेले ब्रिटनचे रे मिअर्स यांचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे या दोघांच्या हातात दिसतो तो चाकू साधा, चार-साडेचार इंची पात्याचा. त्यांच्याही आधी, १८८४ साली ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन जॉर्ज सीअर्सने जंगलात नेायची हत्यारं सांगितली ती तीन होती: एक छोटी कुऱ्हाड, एक मध्यम चाकू आणि एक घडीचा चाकू. सगळी कामं एकाच अवजारावर काढायची हौस त्यालाही नव्हती.

मग मोठा चाकू ही निव्वळ हवा आहे का? तसंही नाही. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेच्या उत्तरेला रेनडियर पाळणारे सामी लोक पिढ्यान् पिढ्या मोठा चाकू वापरत आलेत. फिनलंडमध्ये त्याला ‘लेउकू’ म्हणतात. नेपाळची खुकरी, मलय मुलखातला पारांग आणि आपल्याकडचा कोयता ही सगळी त्याच कामाची अवजारं. जिथे झुडपं दाट आहेत, फांद्या मनगटाएवढ्या आहेत आणि मोठे ओंडके फोडायचे नाहीत, तिथे कुऱ्हाडीपेक्षा लांब पात्याचं अवजार सोयीचं पडतं. सह्याद्रीतलं रान बऱ्याच ठिकाणी असंच आहे.

यामागचं गणित अवघड नाही. पातं लांब असेल तर तेवढ्याच हातवाऱ्यात त्याचं टोक जास्त वेगाने फिरतं. वजन टोकाकडे असेल तर घाव आत जातो. त्यामुळे तोडायच्या अवजाराचा तोल मुठीच्या पुढे असतो. कोयता किंवा खुकरी उचलली की ती पुढे झुकते, ती याच कारणाने. पण हाच गुण बारीक कामात आड येतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, दहा इंची पातं घेऊन कांदा चिरून बघा. कांदा चिरला जात नाही, फुटतो. काठीला टोक काढणं, मासा साफ करणं, दोरी सफाईने कापणं, या सगळ्यात मोठा चाकू अडाण्यासारखा वागतो.

दुसऱ्या बाजूला, मांडीएवढा ओंडका आडवा कापायचा असेल तर मोठा चाकू चालवणं म्हणजे घाम आणि धोका दोन्ही वाढवणं. तिथे शेतीच्या दुकानात मिळणारी छाटणीची घडीची करवत चाकूला सहज हरवते. ती काहीशे रुपयांत मिळते, तिच्यात वारा घालायचा नसतो आणि निसटून पायावर बसायची भीतीही फार कमी. मोठ्या चाकूची खरी जागा या दोहोंच्या मधे आहे. झुडूप साफ करणं, वाळक्या फांद्या तोडणं, आणि मनगटाएवढी लाकडं उभी फोडून त्यांच्या चिरफळ्या करणं.

हे शेवटचं काम पावसाळ्यानंतरच्या कॅम्पला फार मोलाचं असतं. बाहेरून भिजलेलं लाकूड आतून कोरडं असतं. ते उभं धरायचं, पात्याची धार वरच्या टोकावर ठेवायची आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत पातं खाली न्यायचं. इंग्रजीत याला बॅटनिंग म्हणतात. आतला कोरडा गाभा उघडा पडला की त्याच्या पातळ ढलप्या काढून विस्तव धरता येतो. ज्या चाकूला हे झेपत नाही तो कॅम्पचा मोठा चाकू नाही, शोपीस आहे.

पैसे कशाचे द्यायचे?

चाकूच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा सगळ्यात बिनमहत्त्वाचं असतं. ‘टॅक्टिकल’, ‘कमांडो’, ‘सर्जिकल स्टील’ या शब्दांतून काहीच कळत नाही. बघायचं ते पोलाद, त्याला दिलेलं पाणी, मुठीतला भाग आणि पात्याचा उतार.

पोलादापासून सुरुवात करू. साध्या लोखंडी सळईत कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो. ते कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी धारेला लागणारा कडकपणा त्यात येत नाही. मोठ्या चाकूसाठी साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असलेलं पोलाद हवं. परदेशी चाकूंवर १०७५, १०९५, ५१६० असे आकडे दिसतात, ती अशाच पोलादाची नावं. यातलं ५१६० म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगचं पोलाद. धक्का खायचा, वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, हाच त्याचा जन्मापासूनचा धंदा. तोडायच्या अवजाराला आणखी काय हवं?

स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. छोट्या चाकूला चांगलं स्टेनलेस उत्तमच. मोठ्या चाकूत मात्र स्वस्त स्टेनलेस म्हणजे जुगार आहे. ‘४२०’ किंवा नुसतंच ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच लिहिलेलं पातं बहुधा मऊ निघतं आणि धार धरत नाही. विकणारा पोलादाचं नावच सांगत नसेल, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं धरून चालावं. हजार रुपयांच्या ‘दमास्कस’बद्दल तर बोलायलाच नको. त्या किमतीतली नक्षी बऱ्याचदा पृष्ठभागावर ॲसिडने काढलेली असते.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. पोलाद लालभडक तापवून एकदम थंड केलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग ते पुन्हा बेताने, दोनशे अंशांच्या आसपास किंवा थोडं वर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पाण्याचा हा अंदाज जमला की अवजार जमलं. कडकपणा रॉकवेल या मापाने मोजतात. मोठ्या, तोडायच्या चाकूंना ५४ ते ५८ बरा. जपानी किचन नाइफ ६० च्याही वर जातात, पण त्यांनी भाजी चिरायची असते, बाभळीवर घाव घालायचा नसतो. चाकूच्या पानावर रॉकवेलचा आकडा ६२ वगैरे बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोठ्या चाकूची धार जरा दबली तर घासून सरळ होते, तुकडा उडाला तर नाही.

तिसरी गोष्ट मुठीच्या आतली. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला टँग म्हणतात. तो मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचा असेल तर फुल टँग. अशा चाकूची मूठ बाजूने पाहिली की लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांमध्ये पोलादाची रेघ शेवटपर्यंत दिसते. ती दिसली नाही तर चाकू वाईट असतोच असं नाही. जुन्या लेउकूंत आणि पारंपरिक खुकऱ्यांत पोलाद मुठीच्या आत लपलेलं असतं आणि ती अवजारं आयुष्यभर टिकतात. पण आत काय आहे हे स्क्रीनवर दिसत नाही. न बघता घ्यायचं असेल तर फुल टँग हा कमी जोखमीचा पर्याय.

आणि उतार. पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं पातळ होत जातं, यावर त्याचं काम ठरतं. तोडायच्या अवजाराच्या धारेजवळचा भाग किंचित फुगीर, मसुराच्या दाण्यासारखा असलेला चांगला. तो लाकडात अडकत नाही आणि धारेला मागून आधार देतो. याच्या उलट, वस्तऱ्यासारखा आत खोलगट घासलेला चाकू कागद झकास कापतो आणि गाठ असलेल्या लाकडात दुखापत करून घेतो. जाडीला चार ते पाच मिलिमीटर पुष्कळ झाली. सहा-सात मिलिमीटरचं पातं फोटोत दणकट दिसतं, पण दिवसभर पाठीवर वाहायचं असतं.

आता नावं. छोट्या चाकूत स्वीडनच्या मोरा गावात बनणारा मोराक्निव्हचा ‘कम्पॅनियन’ जगभर नवख्यांना सुचवला जातो. पातं सुमारे चार इंच, तिकडे किंमत साधारण १५ ते २० डॉलर. आपल्याकडे आयात होऊन येताना ती वाढते, तरी पैशाच्या मानाने त्याला तोड नाही. मोठ्यात एल साल्वाडोरची कॉन्डॉर, अमेरिकेच्या का-बारचे ‘बेकर’ बीके-७ आणि बीके-९, फिनलंडचा ‘स्क्रामा’ ही नावं जाणकारांच्या तोंडी असतात. चाकू अस्सल आहेत, पण यातल्या बऱ्याच जणांची किंमत तिकडेच शंभर डॉलरच्या आसपास आहे. त्यावर पाठवणावळ आणि कर. ब्राझीलची ट्रॅमोन्टिना शेतकऱ्यांसाठी स्वस्त मशेटी बनवते, पातं दोन मिलिमीटरच्या आसपास पातळ, गवता-झुडपाला उत्तम.

इथे एक साधा प्रश्न पडायला हवा. ब्राझीलच्या शेतकऱ्याचं अवजार मागवायचं, तर आपल्या शेतकऱ्याच्या अवजारात काय कमी आहे?

बाजाराच्या दिवशी मिळणारा ‘बुशक्राफ्ट नाइफ’

कोकणात माडाच्या वाडीत जाणारा माणूस असो की रानात जाणारा कातकरी किंवा ठाकर, कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवलेला कोयता हा त्याच्या पोशाखाचाच भाग. शहाळं सोलणं, कवळं तोडणं, कुंपणाची काटी छाटणं, बांबू फोडणं, सगळं एकाच पात्यावर. घाटावर ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. हा सगळा वापर रीलसाठी होत नाही. अवजार तुटलं तर त्या दिवशीची मजुरी बुडते, त्यामुळे वाईट कोयता बाजारात फार काळ टिकत नाही.

गावातला लोहार किंवा रस्त्याकडेला पाल टाकून भट्टी लावणारे घिसाडी कारागीर मोठ्या अवजारांसाठी बऱ्याचदा ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. म्हणजे तेच स्प्रिंगचं पोलाद, ज्याचे परदेशी चाकूत वेगळे पैसे लागतात. पात्याला पाणी देताना फक्त धारेकडचा भाग थंड करायची जुनी पद्धत आहे. धार कडक होते, पाठ चिवट राहते. नेपाळचे खुकरी घडवणारे कारागीर किटलीतून धारेवर पाण्याची बारीक धार सोडतात, तेही याचसाठी. किंमत काहीशे रुपये. थोडे जास्त दिले तर लोहार सांगाल त्या लांबीचं, सांगाल त्या वजनाचं करून देतो. ही सोय कुठल्याच वेबसाइटवर नाही.

सगळेच कोयते चांगले असतात असं मात्र नाही. आठवडी बाजारात साध्या लोखंडाचे, पत्र्यासारखे कोयतेही असतात. ऊसतोडीचा पातळ कोयता हिरव्या उसासाठी असतो, वाळक्या लाकडावर तो वाकतो. त्यामुळे घेताना ‘कमानपाट्याचा आहे का?’ आणि ‘लाकूड तोडायचंय’ हे दोन्ही आधी बोलावं. मग पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाठ सरळ आहे का बघावं. बारीक कानस धारेवर हलकेच ओढावी. ती लोण्यात रुतल्यासारखी खात सुटली तर पाणी नीट दिलेलं नाही. काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर धार जरुरीपेक्षा कडक आहे. चांगल्या कोयत्यावर ती धरते, पण जोर लावायला लावते. मुठीला तोंडाशी लोखंडी कडं हवं आणि पात्याची शेपटी मुठीतून आरपार येऊन मागे वळवलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

कोयत्याची एक खोड आहे. त्याचं टोक आत वळलेलं असतं आणि बॅटनिंग करताना ते आडवं येतं. सरळ पात्याचा, टोकाकडे थोडा रुंद होणारा नमुना लोहाराला कागदावर काढून दिला तर हा प्रश्नही सुटतो. पातं आठ ते साडेआठ इंच ठेवायला सांगावं. हा आकडा उगाच नाही, त्याचं कारण कायद्यात आहे.

नऊ इंच, दोन इंच आणि अभयारण्याची कमान

भारतात शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यात धारदार शस्त्रांच्या वर्गात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, खुकरीचं तर नाव घेऊन. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून शेतकऱ्याचा रुंद कोयता शेतात बिनधास्त चालतो. पण ‘टॅक्टिकल’ असं पात्यावर कोरलेला दहा इंची काळा चाकू शेतीचा आहे हे पोलिसांना पटवणं अवघड जाईल. लांबी नऊच्या आत आणि रुंदी दोनच्या आत ठेवली तर हा वादच बराचसा मिटतो.

बराचसा, पूर्ण नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, चाकू, अगदी लाठ्याकाठ्याही बाळगायला बंदी घालू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघत असतात. शिवाय गेल्या काही वर्षांत पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द इतक्या वेळा बातम्यांत आलाय की रात्री अकराला दुचाकीवर उघडा कोयता घेऊन जाणाऱ्याला कोणी ट्रेकर समजणार नाही. चाकू म्यानात, म्यान कापडात गुंडाळून सॅकच्या तळाशी, आणि फक्त ट्रेकच्या दिवशी. विमानाने जात असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये अजिबात नाही. घरच्या पार्टीत केक कापायला तो बाहेर काढून व्हिडिओ टाकायची हौस तर पुष्कळांना पोलीस ठाण्यापर्यंत घेऊन गेलीय.

ट्रेकर मंडळींच्या नजरेतून सुटणारा कायदा मात्र तिसराच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि या कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख स्पष्ट आहे, तिथे नऊ इंचांची सूट वगैरे काही नाही. कलम ३० मध्ये अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला किंवा जळती ठेवायला मनाई आहे.

आता जरा आपले लाडके ट्रेक आठवून बघा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई आणि रतनगडाचा परिसर म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. भीमाशंकरचं रान अभयारण्य. कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात. वासोटा कोयना अभयारण्यात, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाताच येत नाही. म्हणजे ज्या जागांवर बुशक्राफ्टच्या रील सगळ्यात देखण्या निघतात, त्यातल्या अनेक जागांवर कमरेला चाकू लावून जाणंच गुन्हा ठरू शकतं. उभी कारवी तोडून शेकोटी करणं तर वेगळाच विषय. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, मग बी टाकून मरते. फुलायच्या आधी तोडली की बी नाही.

त्यामुळे मोठा चाकू वापरायची खरी जागा म्हणजे मालकाला विचारून घेतलेलं खासगी शेत, ओळखीच्या माणसाचं माळरान किंवा रीतसर कॅम्पसाइट. तिथेही हात वाळक्या, पडलेल्या लाकडालाच लावायचा.

धार, गंज आणि मांडीची शीर

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त धोकादायक असतो, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. मोठ्या अवजाराला दाढी होईल इतकी धार लागत नाही. कानस किंवा साधा धार लावायचा दगड पुरतो. दोन्ही बाजूंनी २० ते २५ अंशांचा कोन धरायचा. कोन जमतोय का हे कळायला धारेवर मार्करने रेघ मारायची आणि दोनदा घासायचं. शाई जिथून जाते तिथे दगड लागतोय. शाई वरच्या अंगाची गेली तर पाठ उचला, फक्त टोकाची गेली तर पाठ खाली न्या.

कार्बन पोलाद सह्याद्रीच्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतं. वापर झाला की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या म्यानात ओला चाकू ठेवून विसरणं म्हणजे गंजाला आमंत्रण. म्यानाबाबत आणखी एक. स्वस्त चाकूंबरोबर येणारं कापडी म्यान हा सगळ्यात कच्चा दुवा असतो, धार त्यातून आरपार जाते. चाकू बाहेर काढताना म्यानाला धारेच्या बाजूने मुठीत आवळून धरू नका. बोटं तिथेच कापली जातात.

तोडताना एका गुडघ्यावर बसा, लाकूड ओंडक्यावर ठेवा आणि घाव ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूला घ्या. निसटलेलं पातं ओंडक्यात किंवा जमिनीत जाईल, नडगीत नाही. हाताच्या आणि पात्याच्या लांबीएवढ्या वर्तुळात दुसरं कोणी नको. बसून काठी तासताना मांडीवर ठेवून तासू नका, कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि पातं गुडघ्यांच्या पुढे चालवा. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. ती कापली तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो, आणि गडावर १०८ ची रुग्णवाहिका येत नाही, ती पायथ्याशी थांबते. जखम झालीच तर स्वच्छ कापड दाबून धरा, जोर लावून, आणि ‘थांबलं का’ हे बघायला ते सारखं उचलू नका.

मग खिशात दोन-अडीच हजार असतील तर करायचं काय? एक छोटा, चांगल्या पोलादाचा चार इंची चाकू. एक छाटणीची करवत. आणि लोहाराकडून करून घेतलेला आठ इंची कोयता किंवा सरळ पातं. मोरा परवडला तर छोटा तो घ्या, नाहीतर बऱ्यापैकी स्वयंपाकघरातली सुरी जाड पुठ्ठ्याच्या म्यानात घालून नेली तरी पहिली दोन वर्षं काही अडत नाही. कॅम्पमधली बहुतेक कामं तीच करेल.

नवं पातं हातात आलं की ट्रेकची वाट बघत बसू नका. लोहाराच्या दारातच, त्याच्यासमोर, वाळक्या बांबूवर किंवा बाभळीच्या फांदीवर दहा घाव घाला आणि धारेवरून उजेडात नजर फिरवा. चकाकणारा खळगा दिसला, म्हणजे तुकडा उडाला, तर पाणी जास्त झालंय. धार एका बाजूला मुडपली असेल तर कमी झालंय. दोन्हींवर इलाज एकच, पातं परत भट्टीत. तो चहा पिऊन होईपर्यंत दुरुस्त करून देतो.